२०००-०५ चं जपानी पॉप: चाली भारी, की आठवणी?

मंद्रसप्तक
जुन्या जे-पॉपला सध्या डोक्यावर घेतलंय, म्हणून थोडा विरोधी सूर. त्या हिट गाण्यांचं निम्मं श्रेय चालीचं नाहीच, ज्या मालिकेला ती चिकटवली तिचं आहे. धंदाच 'टायअप'वर, म्हणजे गाणं मालिका-सिनेमाशी जोडून देण्यावर चालायचा. उतादा हिकारूचं 'कॅन यू कीप अ सीक्रेट?' (२००१) फुजी टीव्हीच्या 'हीरो' मालिकेचं गाणं. हिराई केनचं 'हितोमी ओ तोजिते' (२००४) सिनेमाचं. सगळ्यात बोलका दाखला स्मॅप या गायक-गटाचा. 'सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना' २००२ च्या अल्बममध्ये नुसतं पडून होतं. २००३ मध्ये मालिकेला लागलं आणि सिंगल (गाण्याची सुटी सीडी) २० लाखांच्या वर खपलं. चाल तीच, शब्द तेच. मग बदललं काय?

कोमल_धैवत
टायअप तर आपटलेल्या गाण्यांनाही होते. दर तीन महिन्यांनी मालिकांची नवी खेप यायची, प्रत्येकीला गाणं असायचंच. त्यातली किती आज कुणाच्या ओठांवर आहेत?

बांधणी बघा. आपल्याकडे मुखडा आधी येतो. तिकडे आधी ए-मेलो (कडव्याची चाल), मग बी-मेलो (साबीकडे नेणारा तुकडा) आणि त्यानंतर कुठे साबी, म्हणजे त्यांचा मुखडा. बी-मेलोचं कामच ताण वाढवत नेण्याचं. साबीत एक कॉर्डमाला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) पुन्हापुन्हा भेटते: एफ, जी, ई-मायनर, ए-मायनर. सी ला सा धरलात तर म, प, ग, ध. सा वर ती टेकतच नाही, म्हणून साबी संपता संपत नाही असं वाटतं.

गिटारवर करून बघा. चार-चार मात्रांनी कॉर्ड बदला, मग तिसऱ्या जागी ई-मायनरऐवजी ई-सेव्हन लावा. त्यातला जी-शार्प म्हणजे कोमल ध. तो अर्धा स्वर चढून ए-मायनरच्या शुद्ध ध ला मिळतो आणि काळजात कळ उठते ती तिथे. मात्र चाल नेमकी त्या क्षणी प वर असेल तर दोघांचं भांडण लागतं. इंटरनेटवरचे कॉर्ड डोळे मिटून वाजवणारे इथेच फसतात. आधी चालीचा स्वर बघायचा, मग कॉर्ड.

शेवटच्या साबीला पट्टी चढवणं ही दुसरी खोड. उतादाचं 'फर्स्ट लव्ह' (१९९९, म्हणजे जरा आधीचं) शेवटी जी मधून ए-फ्लॅटमध्ये जातं. कॅराओकेत पुरुषांनी पट्टी तीन-चार पायऱ्या उतरवावी, पण ती शेवटच्या साबीचा सगळ्यात वरचा स्वर गाऊन ठरवावी. पहिल्या कडव्यावरून ठरवलीत तर खाली घसा आरामात चालतो आणि वर फाटतो.

हेडफोनवाला
चाली मान्य. ऐकायला कशावर देणार? त्या वर्षांतलं मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) म्हणजे लिमिटर, अर्थात आवाजाची शिखरं दाबणारं यंत्र, लावून सगळं एका उंचीवर कापलेलं. ड्रम आणि गळा सारखेच मोठे. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पातळी समान करताना अशा गाण्यांचा आवाज उतरवला जातो, मग ती शेजारच्या नव्या गाण्यापुढे सपाट वाटतात. तुलना करायचीच तर दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून मग करा.

आणि जुन्या चकत्या (सीडी) मागवणाऱ्यांनो, २००२ ते ०४ च्या सिंगल्स जपून. एव्हेक्स या रेकॉर्ड कंपनीने तेव्हा नक्कल रोखणाऱ्या 'कॉपी कंट्रोल' चकत्या काढल्या होत्या. त्यांत चूक दुरुस्त करणारी माहिती मुद्दाम बिघडवलेली असायची. घरचा प्लेअर गाळलेली जागा अंदाजाने भरायचा, संगणकाचा ड्राइव्ह अडखळायचा, काही गाड्यांतले प्लेअर तर चकती घ्यायचेच नाहीत. ओळखायची खूण: 'कॉम्पॅक्ट डिस्क'चा नेहमीचा शिक्का नसतो, कारण ती चकती सीडीच्या ठरलेल्या निकषांत बसतच नाही. तेच गाणं नंतरच्या 'बेस्ट' संग्रहात साध्या सीडीवर मिळत असेल तर ते घ्या.

अर्धीचड्डी
लिमिटर गेला खड्ड्यात, बम्प ऑफ चिकन बँडच्या 'तेन्ताई कानसोकु'चं गिटार सुरू झालं की उडी मारायची.

मंद्रसप्तक
@कोमल_धैवत, कॉर्डचं पटलं. पण ती माला पडेल गाण्यांतही आहेच ना? मग हिट होण्याचं कारण ती कशी? झोन या मुलींच्या बँडचं 'सीक्रेट बेस' घ्या. २००१ चं. दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटू, असे शब्द. २०११ मध्ये 'आनोहाना' या ॲनिमेने (जपानी कार्टून-मालिकेने) तेच गाणं नव्या आवाजांत शेवटाला लावलं. आज परदेशात हे गाणं ऐकून रडणाऱ्यांपैकी बरेच जण ॲनिमेसाठी रडतात.

कोमल_धैवत
माला म्हणजे पाया. त्यावर चाल कुठे उडी घेते, शब्द कुठे श्वास सोडतो, ते वेगळं. नाकाशिमा मिकाचं 'युकी नो हाना' (२००३) बघा. २००४ मध्ये कोरियन गायक पार्क ह्यो-शिनने ते कोरियन शब्दांत गायलं आणि तिकडे ते त्याचंच होऊन बसलं. जपानी शब्द गेले, जपानी गायिका गेली, उरली ती चाल. आणखी काय पुरावा हवा?

मंद्रसप्तक
अहो, ते गाणं लागलं कशाला? कोरियन मालिकेलाच!

कोमल_धैवत
लागलं मालिकेलाच. पण संगीतकार तिथेही होते. त्यांना सोडून शेजारच्या देशातली, आधीच ऐकलेली चाल उचलावीशी वाटली, ते मालिकेमुळे नव्हे.

हेडफोनवाला
दोघंही एकदा 'युकी नो हाना'चं नुसतं पियानोवरचं रूप ऐका, शब्दांशिवाय, चित्राशिवाय. तेही आवाज सारखा करून.