तास वाढवा, पण वॉर्डाचं काय?

नीतिशास्त्राचे तास वाढवले की नर्सिंगच्या विद्यार्थिनी वॉर्डात नीट वागतील, असं बऱ्याच जणांचं म्हणणं दिसतंय. वाढवा, माझी ना नाही. पण पुस्तकातलं मुलींना तोंडपाठ असतं. घोडं अडतं ते वॉर्डात.

टीपीआर चार्टच घ्या, म्हणजे पेशंटचा ताप, नाडी आणि श्वास लिहायचा तक्ता. श्वास मोजायला अख्खं मिनिट लागतं, तेही पेशंटच्या नकळत. एकीकडे वीस-पंचवीस खाटा आणि डॉक्टरांचा राउंड तोंडावर. सिस्टर म्हणतात, "अगं, लिहून टाक ना!" मग ओळीने सगळ्यांचा श्वास १८ नाहीतर २०, दम्याच्या आजोबांचासुद्धा. सिस्टरही वाईट नसतात हो. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. रात्रपाळीला एखाद्या जनरल वॉर्डात डोकावून बघा! तिथे विद्यार्थिनी म्हणजे फुकटात मिळालेले दोन हात.

बोलायचं तरी कुणाकडे? केलेल्या कामांच्या वहीवर सही त्याच सिस्टरची, अंतर्गत गुण कॉलेजच्या मॅडमच्या हातात. कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याचा वहीतला आकडा भरायचा म्हणून चौघीजणी एका बाईंच्या खाटेभोवती उभ्या राहतात. त्या बाईंना कुणी विचारलेलं नसतं. (पडदा वॉर्डात एकच, तोही दुसऱ्या टोकाला.)

माझ्या मते आधी तक्रारीचा गुणांशी असलेला संबंध तोडावा, आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टरने, म्हणजे वॉर्डात शिकवणाऱ्या मॅडमनी, पूर्ण पाळी वॉर्डातच थांबावं. आमच्या मॅडम सकाळी हजेरी घेऊन कॉलेजात परत जायच्या. दुपारनंतर आम्हीच एकमेकींच्या मॅडम.