जुना कोड, गेलेली माणसं आणि पीटर नाउरचा निबंध

वर्धारोडकर (प्रश्न)

नागपूरच्या कळमना बाजारातल्या अडत्यांसाठी बनवलेलं बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर सध्या माझ्याकडे आलंय. हर्रासापासून (लिलावापासून) शेतकऱ्याच्या पट्टीपर्यंत, म्हणजे त्याला मिळणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठीपर्यंत, सगळं त्यात आहे: तोलाई, हमाली, अडत (अडत्याचं कमिशन). लिहिणारे दोघंही नोकरी बदलून पुण्याला गेले. कागदपत्रं भरपूर ठेवली आहेत, पण कोड असा का लिहिला हे त्यात कुठंच नाही.

त्यातच डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउरचा १९८५ चा निबंध 'प्रोग्रामिंग ॲज थिअरी बिल्डिंग' वाचून राहिले आहे. त्यातली कंपायलरची हकीकत डोक्यातून जात नाही. एका चमूनं कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) बनवला, दुसऱ्या चमूला त्यात थोडी भर घालायची होती. पूर्ण कोड हाताशी, कागदपत्रं हाताशी, पहिल्या चमूचा सल्लाही होता. तरी दुसऱ्या चमूनं सुचवलेले बदल वरून लावलेल्या ठिगळांसारखेच होते. पहिल्या चमूला ते लगेच दिसलं, आणि मूळ रचनेत बसणारा सोपा उपायही त्यांनीच सांगितला. नाउरचं म्हणणं, खरा प्रोग्राम म्हणजे लिहिणाऱ्यांच्या डोक्यातली समज, आणि नुसत्या कागदपत्रांवरून ती पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून जुना कोड टाका, प्रश्न नव्यानं सोडवा.

आमच्या सरांनाही नव्यानंच लिहायचंय. मला भीती वाटते. एक अट बघा: तारीख जुलै २०१६ नंतरची आणि माल फळ किंवा भाजी असेल, तर अडत पट्टीतून कापली जात नाही, खरेदीदाराच्या बिलात चढते. का, ते एका शब्दानं लिहिलेलं नाही. सर म्हणतात, काढून टाकू. अशा कोडची समज मिळवायला सुरुवात कुठून करायची?

महालवाला

ताई, ती अट काढू नका बाप्पा! जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारनं अध्यादेश काढून फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या. अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. व्यापाऱ्यांनी बंद पाळला होता तेव्हा. माझे काका कळमन्यात संत्र्याचे अडते, घरात दुसरा विषय नव्हता. नियमनमुक्ती फळं-भाजीपुरती होती, म्हणून तर मालाची अट आहे.

बजाजनगर

नाउरचं निदान मला पूर्ण पटतं, औषध नाही पटत. तो जो प्रोग्राम मेला म्हणतो, त्याचा चमू पांगलेला असतो. तुमची माणसं पुण्यात आहेत, फोन उचलतील. ज्यांना समज आहे त्यांच्यासोबत काम करूनच ती पुढे जाते, हेही त्याच निबंधात आहे. पण 'कोड समजावून सांगा' असं विचारू नका, कोणी सांगू शकत नाही. एक अट, एक जुनं बिल समोर ठेवा आणि 'हे असं काऊन?' एवढंच विचारा.

दुसरं, मागच्या काही हंगामांची खरी बिलं घ्या, जुन्या कोडमधून काढा आणि निघालेले आकडे जसेच्या तसे टेस्टमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, गोठवा. आकडा बरोबर की चूक हे आत्ता ठरवू नका. पुढे एखादी ओळ बदलली की काय हललं ते त्याच दिवशी कळेल. सरांना नेटस्केप या जुन्या वेब ब्राउझरच्या कंपनीचं सांगा. १९९८ मध्ये जुना कोड सोडला, नवीन आवृत्ती यायला २००० चा नोव्हेंबर उजाडला, तोवर बाजार मायक्रोसॉफ्टकडे गेला होता.

गोरेवाडा

आधी सांगा, लिहिलंय कशात? व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रामिंग भाषा) असेल तर नव्यानं लिहिणं भागच आहे. मायक्रोसॉफ्टनं त्याच्या एडिटरचा आधार २००८ मध्येच काढून घेतला. पण तेव्हाही बजाजनगर म्हणतात त्या टेस्ट आधी.

वर्धारोडकर

जावा आहे, सुदैवानं. महालवाला दादा, खूप आभार. अध्यादेशाचा संदर्भ त्या अटीच्या वर लिहून टाकला, सरांनाही दाखवला. अट राहते आहे. बिलं काढायला घेतली, तर पहिल्याच गठ्ठ्यात अडकले: काही पट्ट्यांत रक्कम पूर्ण रुपयात आणल्यावर (पैसे सोडून) हमाली कापली आहे, काहींत आधी. काकांना विचाराल का, कळमन्यात रीत कोणती?