कबड्डीची मॅट आणि पोरांच्या अंगावरचे फोड

बी-२०४: आमच्या धाकट्याच्या कोपरावर पुवाचे फोड आलेत, डॉक्टर म्हणाले जंतूंचं इन्फेक्शन आहे, बरं होईपर्यंत मॅटवर पाठवू नका. सोसायटीच्या हॉलमध्ये कबड्डीला जाणारी सगळी पोरं एकदा नीट बघा प्लीज

ए-१०१: आमच्या पोरीच्या मांडीवर गोल चट्टा आहे, मी मेडिकलमधून ट्यूब आणून लावतेय

ए-३०३ काका: ह्या पावसात मॅट सुकतली खंय? महिनोभर हॉल बंद करा, पावस सरलो काय बघूया

सी-१०२: काका, हॉल बंद केला तर पोरं पार्किंगमध्ये खेळणार, सिमेंटवर जास्त खरचटणार. मी दवाखान्यात जखमांच्या ड्रेसिंग रूममध्ये काम करते म्हणून सांगते, असे पुवाचे फोड आणणारा स्टॅफ नावाचा जंतू साधारण दहातल्या तीन माणसांच्या नाकात असतोच आणि काही त्रास देत नाही, पण कातडी सोलली की आत शिरतो. अमेरिकेत २००३ साली सेंट लुईस रॅम्स ह्या अमेरिकन फुटबॉल टीममधल्या ५८ पैकी ५ खेळाडूंना औषधांना दाद न देणारा स्टॅफ झाला, सगळ्यांना टर्फवर म्हणजे नकली गवतावर खरचटलं होतं तिथेच, आणि टॉवेल एकमेकांचे वापरत होते. आपल्या हॉलच्या खिडकीवर एकच पंचा लटकतोय, येईल तो त्यालाच तोंड पुसतो. तो आजच काढा!!

सेक्रेटरी: पण मॅट रोज फिनेलने पुसतात ताई

सी-१०२: दादा, नुसतं फडकं फिरवून भागत नाही हो. आधी साबणाच्या पाण्याने घाम आणि माती काढायची, मग जंतुनाशक मारून बाटलीवर लिहिलंय तेवढी मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग पंखे लावून पूर्ण वाळवायचं, ओली मॅट गुंडाळायची नाही. आणि ब्लीच आणलंत तर त्यात टॉयलेट क्लीनर अजिबात मिसळू नका, विषारी गॅस होतो.
ए-१०१ वहिनी, गोल चट्टा म्हणजे बहुतेक नायटा, ती बुरशी. मेडिकलच्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, खाज थांबते पण नायटा आत पसरतो, स्किनच्या डॉक्टरांना दाखवा

ए-१०१: बापरे, उद्याच जाते

सी-१०२: पोरांनी घरी आल्या आल्या साबणाने आंघोळ करायची, जर्सी रोज धुवायची, खरचटलं असेल तर झाकून खेळायचं, नीट झाकता येत नसेल तर खेळायचं नाही. कपडे वाळत नसतील तर इस्त्री फिरवा

सेक्रेटरी: पंचा काढला. मॅटचं कोचना सांगतो

बी-२०४: ताई, ह्याच्या फोडाच्या बाजूला थोडं लाल झालंय

सी-१०२: फोडू नका, दाबू नका. लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा, लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच घेऊन जा. मी जागी आहे, फोन करा