शाळेत 'आलेला मेसेज खरा की खोटा' हे शिकवायचं की नाही?

झेडपीवाली_बाई
मागच्या जुलैत आमच्याकडे पावसाचा जोर होता तेव्हा रात्री साडेनऊला सगळ्या पालक ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र आलं, जावक क्रमांक, शिक्का सगळं नीट, शुक्रवारच्या तारखेला सर्व शाळांना सुट्टी म्हणून. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग रिकामा. पत्र होतं आदल्या वर्षीचं, कुणीतरी तारीख तेवढी बदललेली. मी त्याच्या झेरॉक्स काढून आठवीत वाटल्या आणि म्हटलं शोधा काय चुकलंय. दहा मिनिटं सगळे सही आणि शिक्काच बघत बसले. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, बाई, तारखेचे आकडे बाकीच्यांपेक्षा जाड आहेत, आणि तारखेपुढे कंसात बुधवार लिहिलंय. वार बदलायचा राहिला होता! वर्गात एकदम गलका. पण पुढचा प्रश्न तिचाच होता, "हे मला माझ्या काकांनी पाठवलं, मग काका खोटं बोलले का?" मी म्हटलं नाही, काकांनी बघितलं नाही. यावर तासभर बोललो आम्ही. माझं स्पष्ट मत आहे की हे पाचवीपासून प्रत्येक शाळेत व्हायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक_सातारकर
बाई, तळमळ कळते पण विरोध आहे. पोषण आहाराच्या नोंदी आम्ही करायच्या, यू-डायसवर म्हणजे सरकारी पोर्टलवर शाळेची माहिती आम्ही भरायची, बीएलओ म्हणजे निवडणुकीचे बूथ अधिकारी म्हणून मतदार याद्या घेऊन आम्हीच फिरायचं, आणि त्यात आता हे. माझ्या पाचवीत अशी पोरं आहेत ज्यांना साधा परिच्छेद सलग वाचता येत नाही, ती पत्रातला वार काय तपासणार? आधी वाचायला येऊ दे.

जुनी_सायन्सवाली
सातारकर, वाचता येणाऱ्यांनीच काय केलं ते आठवा. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, साक्री तालुका. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. त्या दिवसांत देशभर एक व्हिडिओ फिरत होता, बाइकवरचे दोघं पोराला उचलून नेतात तो. तो होता कराचीतल्या एका संस्थेने बनवलेला जागृतीचा व्हिडिओ, मूळ व्हिडिओत शेवटी पोरगं परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तेवढाच भाग कापलेला. मला हे सगळं नंतर कळलं तेव्हा दोन रात्री झोप नव्हती. यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, पण मर्यादेने माणूस विचार करायला लागत नाही ना.

प्रश्न_पडतो
राईनपाड्यात मारणारी माणसं मोठी होती, आठवीतली पोरं नव्हती. आजार मोठ्यांना आणि औषध पोरांना? दुसरं म्हणजे विश्वासार्ह कोण हे ठरवणार कोण? उद्या यादी येईल की अमुक पेपर खरा आणि तमुक चॅनेल खोटं. आणि माझी खरी भीती वेगळीच आहे. माझा भाचा नववीत आहे, त्याला काहीही दाखवा, "मामा एआय असेल" म्हणून मोकळा. परवा खऱ्या पुराचा फोटो दाखवला तरी तेच. संशय शिकवणं सोपं आहे हो, विश्वास कुठे ठेवायचा ते कोण शिकवणार?

झेडपीवाली_बाई
प्रश्न_पडतो, तुमचा शेवटचा मुद्दा अगदी बरोबर, माझ्याही वर्गात एकजण म्हणालाच की मोबाइलवरचं सगळं खोटंच असतं. म्हणून पुढचं ऐका. दोनच आठवड्यांनी पुन्हा सुट्टीचं पत्र आलं. यावेळी चारपाच पोरांनी घरच्यांच्या फोनवरून जिल्हा प्रशासनाचं अधिकृत खातं उघडून बघितलं, तिथे तेच पत्र होतं, म्हणजे सुट्टी खरी. खरं असलेलं खरं म्हणता येणं हाही त्याच शिकवणीचा भाग आहे. यादी मीही देत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये एक अभ्यास झाला, त्यात पीएचडी झालेले इतिहासकार, तिथलेच विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट चेकर, म्हणजे माहिती खरी की खोटी ते तपासणारे, यांना अनोळखी वेबसाइट दिल्या. इतिहासकार नि विद्यार्थी बरेचदा त्याच पानावर लोगो, भाषा, मांडणी बघत फसले. फॅक्ट चेकर मात्र पान सोडून लगेच बाहेर गेले, ही संस्था कोणाची, हिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायला. माझी पोरं दहा मिनिटं शिक्का बघत बसली ना, तेच हे! हुशारी पुरत नाही, बाहेर जायची सवय लागते.

केरळात_राहिलेला
केरळातल्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये प्रशासनाने दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत असे वर्ग घेतले होते. तिथे आधी गोवर-रुबेला लसीवरून अफवा उठल्या आणि पालक पोरांना लस द्यायला तयार होईनात. म्हणजे पोरं शिकली की घरातल्या मोठ्यांपर्यंत जातं, हा हिशोब होता त्यांचा. आजार मोठ्यांचा हे मान्य, पण मोठ्यांचा वर्ग भरवणार कुठे?

रोखठोक_सातारकर
बरं, सवय लावा, ना नाही. पण नवीन विषय म्हणून आणाल तर माझा विरोध कायम. विषय झाला की मार्क आले, मार्क आले की गाईड आलं, आणि मग पोरं "अफवा ओळखण्याचे पाच मार्ग" घोकून पेपरात उतरवणार आणि घरी जाऊन तोच मेसेज पुढे पाठवणार.

झेडपीवाली_बाई
पेपर मलाही नकोच आहे. आठवीच्या इतिहासाचा पहिलाच धडा बघा सर, "इतिहासाची साधने". जुन्या काळातलं पत्र खरं कशावरून हे आपण विचारतोच, त्याच तासाला कालचं पत्र ठेवायचं शेजारी. झेरॉक्स पाठवू का तुम्हाला? वाराची चूक किती वेळात सापडते तुमच्या वर्गाला ते सांगा.

रोखठोक_सातारकर
पाठवा. सोमवारी तिसरा तास इतिहासाचाच आहे.