‘बावळट क्षण’ म्हणता येईल का?

मोगरा_नेरूळ:
सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी ‘मिशन इम्पॉसिबल’ सिनेमांवर लिहितेय. स्टंटवर नाही, त्यातल्या हसवणाऱ्या जागांवर. मारामारीपेक्षा मला त्याच जास्त आवडतात. ‘सिली मोमेंट्स’ला मी ‘बावळट क्षण’ लिहिलं. सासरे मूळ नौपाड्यातले, आयुष्यभर छापखान्यात प्रूफं तपासली. त्यांनी शब्दाभोवती लाल गोल काढून कागद परत दिला. “बावळट माणूस असतो, क्षण कसा बावळट होईल? आणि तो सिनेमांचा नायक, हेर ईथन हंट तरी बावळट आहे का?”

जागा कुठल्या ते सांगते. ‘रोग नेशन’मध्ये (२०१५) ईथन पाण्याखाली जवळजवळ मरतो. शुद्धीवर येतो न येतो तोच पाठलागाला निघतो, ऐटीत गाडीच्या बॉनेटवरून घसरत पलीकडे जायला बघतो आणि धप्पकन खाली पडतो. ‘घोस्ट प्रोटोकॉल’मध्ये (२०११) मॉस्कोतल्या एका फोनवर कामगिरीचा निरोप येतो, तो पाच सेकंदांत आपोआप नष्ट व्हायचा असतो. होतच नाही. ईथन परत येऊन फोनला एक चापट मारतो, तेव्हा कुठे धूर निघतो. आपण जुन्या टीव्हीला मारायचो ना, अगदी तशी. या सगळ्याला मिळून एक शब्द सुचवा.

नौपाडेकर:
धांदरट. बावळटाला कळतच नाही, धांदरटाला कळतं पण घाई नडते. बॉनेटवरून पडला तो घाईत पडला. तुमच्या सासऱ्यांचा मुद्दा मात्र बरोबर आहे, क्षण धांदरटही नसतो.

खाडीकाठ:
आचरट. ‘आचरट प्रसंग’ सरळ म्हणता येतं. आता कोणीतरी ‘पांचट’ म्हणेल म्हणून आधीच सांगतो, ज्यातला रस गेला तो विनोद पांचट. पाणी वाढवलेल्या ताकासारखा. इथे तर हसू येतंय.

शब्दनिष्ठ:
‘बाष्कळ’ घ्या. ऋग्वेदाची एक शाखा बाष्कल नावाची. त्या शाखेचे लोक इतरांना बडबडे वाटले असणार, त्यावरून हा शब्द आला असं माझं फार दिवसांचं मत आहे.

खाडीकाठ:
शाखेचं नाव खरं. पुढची जोडणी तुमची. आणि बाष्कळ बडबड असते, पडणं बाष्कळ कसं असेल?

आत्या_ऐरोली:
अगं, याला फजिती म्हणतात! ‘फॉलआउट’मध्ये (२०१८) ईथनचा साथीदार बेंजी टॅबलेटवर बघून ईथनला लंडनभर पळवतो, इकडे वळ, तिकडे वळ, आणि स्वतःच नकाशा चुकीचा वाचत असतो. ते बघताना मला माझ्या भाचीचं लग्न आठवलं. भाऊ पुढच्या गाडीत, फोन उलटा धरून आम्हाला वाशीतले सेक्टर सांगत होता. आमची अर्धी वरात दुसऱ्याच कार्यालयात. त्यांच्या दाराशी उभ्या बाईंनी आम्हाला अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, पेढे दिले. मी पेढा तोंडात घातला आणि समोर पाटी वाचली, नवरीचं नाव वेगळंच. आमच्याकडे अजून त्याला ‘वाशीची फजिती’च म्हणतात. आमच्यात बावळट कोणी नव्हतं.

शब्दनिष्ठ:
फजिती अरबी आहे, ‘फजीहत’वरून फारसीमार्गे आलेली. दिवाळी अंकात तरी ‘हास्यप्रसंग’ लिहावं. रघुनाथ पंडितांनी शिवछत्रपतींसाठी राज्यव्यवहारकोश केला तो उगाच नाही. सावरकरांचा ‘दिग्दर्शक’ रुळलाच की. हे मी जबाबदारीने सांगतो.

आत्या_ऐरोली:
‘जबाबदारी’ तरी कुठून आली, दादा? ‘दिग्दर्शक’ रुळला कारण तिथे आपला शब्द नव्हता. फजिती घराघरात आहे. ‘हास्यप्रसंग’ ऐकून कोणाच्या डोळ्यांपुढे पडलेला माणूस येतो का?

तलावपाळीवरचा:
उशिरा आलो, पण मला एक फार महत्त्वाचं वाटतंय. या सिनेमांची खरी ओळख मुखवटे. हुबेहूब दुसऱ्याचा चेहरा. त्याला आपण काय म्हणू? सोंग घेणं. आणि वगनाट्यात हसवतो तो कोण? सोंगाड्या. लहान मूल वेडेवाकडे चाळे करतं तेव्हा आई काय म्हणते? सोंगं करू नकोस. हेराचं वेषांतर आणि विदूषकाचा चाळा, दोन्हीला मराठीत एकच शब्द आहे! ‘घोस्ट प्रोटोकॉल’मध्ये मुखवटे बनवणारं यंत्रच ऐन वेळी बिघडतं, आणि बुर्ज खलिफात उघड्या चेहऱ्यांनी दोन मजल्यांवर दोन खोट्या भेटी पार पाडाव्या लागतात. आपल्याकडची म्हण तीच ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे मुखवट्याचंही आणता आलं नाही. गडकरी रंगायतनला मी कितीतरी वगनाट्यं पाहिली, सोंगाड्याची सोंगं पाहताना जे हसू यायचं तेच मला बेंजीला पाहून येतं.

मोगरा_नेरूळ:
काका, अंगावर काटा आला. सासऱ्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सोंग आणि ‘स्वांग’ एकच. मग लेखाचं नाव ‘हेरांची सोंगं’? पण फोनला चापट मारणं सोंगात कसं बसवू?

नौपाडेकर:
नाव ‘गुप्तहेरांची सोंगं’ ठेवा. नुसतं ‘हेर’ तोकडं वाटतं.

खाडीकाठ:
उलट ‘गुप्त’ जास्तीचं आहे. जो हेरतो तो हेर, गुप्तपणा त्यात आलाच. उघड हेर कधी पाहिलात? बहिर्जी नाईकांना कोणी गुप्तहेर म्हणायचं का?

नौपाडेकर:
आता सगळे म्हणतात. शब्द वापरणाऱ्याचा.

शब्दनिष्ठ:
वापरतात म्हणून बरोबर, हे मला मुळीच मान्य नाही. या न्यायाने उद्या ‘स्पायपट’ही चालेल.

आत्या_ऐरोली:
मोगरा, ईथन बुर्जच्या काचांवर चढतो ते चिकटणारे हातमोजे घेतलेस का लेखात? निळा दिवा असला की मोजा काचेला चिकटलेला, लाल झाला की मेलास. इंग्रजीत दोन्ही वेळा यमक साधलंय, आणि नेमका एक मोजा बंद पडतो. ते मराठीत कसं करणार?

मोगरा_नेरूळ:
आत्या, त्यावर आज दुपारभर बसले. ‘निळा तर खिळा, लाल तर हाल.’ सासऱ्यांनी कागद घेतला, दोनदा मोठ्याने म्हटलं आणि पेन खिशात ठेवलं. लाल गोल नाही. ‘बावळट’भोवतीचा मात्र अजून तसाच आहे, शुक्रवारी अंक छापायला जातोय.

खाडीकाठ:
‘खिळा’च्या जागी ‘विळा’ नको का? चिकटतो तो विळख्यासारखा.

शब्दनिष्ठ:
विळा आणि विळखा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नवा धागा काढतो.