प्रतिसाद: घरची भाजी महाग पडते का?

"कुंड्या, माती, खत सगळं धरलं तर घरची भाजी विकतच्यापेक्षा महागच पडते," असं तुमचं म्हणणं आहे. पहिल्या वर्षापुरतं पटतं. पण कुंड्या आणि अवजारं पाच-सात वर्षं टिकतात, मग तो सगळा खर्च पहिल्याच टोमॅटोच्या माथी का मारायचा? वर्षांवर वाटून बघा, चित्र बदलतं.

खरा फरक पडतो तो काय लावता त्यावर. कांदे-बटाटे जागा अडवतात, महिनोन्‌महिने घेतात आणि बाजारात तसेही स्वस्तच असतात. माझ्या मते त्यांच्या नादी लागू नये. पुदिना, कोथिंबीर, पालेभाज्या यांचं गणित वेगळं. आपल्याला लागतात चार काड्या, विकत घ्यावी लागते जुडी, आणि उरलेली फ्रिजमध्ये सडते. कुंडीतून हवं तेवढंच खुडता येतं. ही वाचलेली नासाडी हिशोबात कुणी धरतच नाही!

बियाण्याचंही तसंच. टोमॅटोचं बी नीट कोरडं ठेवलं तर चार वर्षं सहज उगवतं, कांद्याचं मात्र वर्षा-दोन वर्षांत मरतं. घरचं बी धरायचं असेल तर संकरित वाण नको, पुढची पिढी आईबापांसारखी निघत नाही. खतासाठी स्वयंपाकघरातला ओला कचरा आहेच.

पाणी विकत घेत असाल तर तेवढं जरूर मोजा. एक चौरस मीटर वाफ्यावर 25 मिलिमीटर पाणी म्हणजे 25 लिटर. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन घातलं की कमी लागतं.

स्वतःच्या वेळेची मजुरी लावलीत तर मात्र तुम्ही जिंकलात :)