मदत हवी आहे: कॅबिनेटचे पंखे सारखे कमी-जास्त होतात

मंडळी, नुकताच स्वतः पीसी जोडला. पुढून १४० मिमीचे दोन पंखे हवा आत घेतात, मागचा १२० मिमीचा बाहेर टाकतो. मागचा ३ पिनचा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) डीसी मोड, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा, लावल्यावरच त्याचा वेग उतरला, तोवर अखंड पूर्ण वेगाने फिरत होता.

खरा त्रास पुढच्या ४ पिनवाल्यांचा. नुसता ब्राउझर उघडला तरी प्रोसेसरचं तापमान क्षणभर उसळतं, पंखे लगेच घोंघावतात, मग शांत, मग पुन्हा तेच. रात्री काम करताना फार जाणवतं हो. पंख्यांचा प्रतिसाद काही सेकंद उशिरा ठेवावा, की त्यांना ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर चालवावं? गेम खेळताना जास्त उष्णता तिथूनच येते.

पुढचे दोन्ही पंखे मदरबोर्डच्या एकाच हेडरवर (पंखा जोडायच्या पिनांवर) स्प्लिटरने, म्हणजे एकाची दोन टोकं करणाऱ्या वायरने, जोडलेत. हेडरची मर्यादा १ अँपिअर, दोघांची बेरीज ०.५ अँपिअर. चालेल ना?